वीज उद्योगातील अभियंता : भिलाई-रिसाली परिसरातील संधी

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागून वसलेल्या रिसालीला २०१९ मध्ये स्वतंत्र महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या परिसरातील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ कारखान्याशी जोडलेला आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. येथे मराठी कुटुंबेही आहेत. कारखान्याचे नाव देशभर परिचित आहे. त्याला लागणारी वीज कोठून येते आणि ती कोण सांभाळते, याची माहिती मात्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच असते.

पोलाद कारखान्यात वीज खंडित होणे म्हणजे केवळ उत्पादन थांबणे नव्हे. झोतभट्टीच्या भिंती सतत फिरणाऱ्या पाण्याने थंड ठेवाव्या लागतात; पंप थांबले तर भट्टीलाच धोका पोहोचतो. म्हणूनच अशा कारखान्यांची स्वतःची वीजकेंद्रे असतात आणि भट्टीतून निघणारा वायूही तेथे इंधन म्हणून वापरला जातो. भिलाईत एनटीपीसी आणि सेल यांच्या समान भागीदारीतील एनएसपीसीएल ही कंपनी वीजनिर्मिती करते. तिचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच २००९ मध्ये कार्यान्वित झाले. असा एक संच पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला ६० लाख युनिट वीज तयार होते आणि त्यासाठी साधारणपणे ४ हजार टन कोळसा जाळावा लागतो.

या आकड्यावरूनच एक गैरसमज दूर व्हावा. वीज उद्योग म्हणजे केवळ विद्युत शाखेचे क्षेत्र, असे अनेक पालक मानतात. औष्णिक केंद्रात प्रत्यक्षात बॉयलर, टर्बाइन, कोळसा हाताळणी आणि राख विल्हेवाट ही यांत्रिकी अभियंत्यांची कामे मोठी असतात. उपकरणशास्त्राच्या पदवीधरांना नियंत्रण कक्षाच्या यंत्रणेत, तर रसायनशास्त्राच्या पदवीधरांना पाण्याच्या शुद्धतेवर देखरेख ठेवण्याच्या कामात स्थान असते.

एनटीपीसी आणि पॉवरग्रिड यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांत अभियंता प्रशिक्षणार्थींची निवड मुख्यतः ‘गेट’ परीक्षेतील गुणांवरून होते. गुणपत्रक तीन वर्षे वैध असले, तरी उपक्रम बहुधा जाहिरातीत नमूद केलेल्या वर्षाचेच गुण ग्राह्य धरतात. अर्ज करण्यापूर्वी हे तपासावे. राज्यांच्या वीज कंपन्या स्वतंत्र भरती करतात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये, तर छत्तीसगडच्या मंडळाचे २००९ मध्ये कंपन्यांत विभाजन झाले. रिसालीतील मराठी उमेदवार दोन्हीकडे प्रयत्न करू पाहतात. तथापि एका राज्यातील मागासवर्गीय आरक्षणाचा लाभ सामान्यतः दुसऱ्या राज्यात मिळत नाही, ही बाब पुष्कळांना उशिरा कळते.

पदवी पुरेशी नाही, हेही ध्यानात घ्यावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वीजकेंद्राच्या परिचालनात व देखभालीत नेमल्या जाणाऱ्या अभियंत्यांना मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण आवश्यक आहे. राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठानचे एक केंद्र नागपुरात असून, रेल्वेने ते येथून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर आहे.

नोकरीची पहिली वर्षे बहुतेकांना पाळीत काढावी लागतात. रात्रपाळी आणि सणासुदीचे काम टाळून कार्यालयीन पद मिळविण्याकडे तरुणांचा कल असतो. तो समजण्यासारखा आहे. पण संच बंद पडतो कसा आणि पुन्हा चालू होतो कसा, हे पाळीतच शिकता येते.

पारेषणातील संरक्षण यंत्रणा हे काम त्याहून कमी परिचित आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाचा मोठा भाग अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन प्रादेशिक जाळी कोसळली. दोन्ही दिवशी ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटणे निर्णायक ठरले. त्या वाहिनीत दोष नव्हता. अतिभारालाच दोष समजून रिलेने ती तोडली होती. महाराष्ट्र आणि छत्तीसगड ज्यात आहेत ते पश्चिम जाळे त्या वेळी वाचले. या जाळ्याचे प्रादेशिक भार प्रेषण केंद्र मुंबईत आहे. रिलेची मर्यादा किती ठेवावी हे ठरविणाऱ्या अभियंत्याचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते.

आज २२ व्या वर्षी या क्षेत्रात येणारा पदवीधर २०६० च्या सुमारास निवृत्त होईल. कोळशावर आयुष्यभराची नोकरी बांधावी काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाविना चालणारी होती. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचाच वाटा अद्याप मोठा आहे. दुपारी सौर वीज वाढली की औष्णिक संचांनी उत्पादन घटवावे आणि सायंकाळी पुन्हा वाढवावे, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी किमान भार आधी ५५ आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे नियम प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले. अखंड पूर्ण भारासाठी बांधलेल्या बॉयलरला असे चढउतार सोसणे कठीण जाते. धातू थकतो, नळ्यांना तडे जातात. कोळशाच्या संचांवरील अभियंत्यांना पुढील काळात हेच काम मोठ्या प्रमाणावर करावे लागणार आहे.

रिसालीलगतच्या मरोदा-१ जलाशयावर १५ मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प उभारण्याची योजनाही पोलाद कारखान्याने जाहीर केली आहे.