प्रज्वलन आणि ठिणगी

परभणी जिल्ह्यातील विहिरींवरच्या इंजिनांचा इतिहास लिहिताना ‘प्रज्वलन’ या संज्ञेचा अर्थ प्रथम निश्चित करावा लागतो. पुष्कळदा तिचा अर्थ ‘ठिणगी’ असा घेतला जातो. तो अपुरा आहे.

आरंभीच्या इंजिनांत इंधन पेटविण्यासाठी ज्योत किंवा तापविलेली नळीही वापरीत. १८९७ मध्ये बॉश यांच्या कारखान्याने आपला मॅग्नेटो एका तीनचाकी वाहनास जोडून पाहिला. त्या वेगवान इंजिनाबरोबर जड आर्मेचर हलेना; म्हणून ते स्थिर ठेवून त्याभोवतीचे हलके आवरण हलते केले. १९०२ मध्ये होनोल्ड यांनी उच्च विद्युद्दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. तथापि परीक्षेतील एक अडचण उरलीच : प्लग बाहेर काढून पाहिल्यास दिसणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबलेल्या मिश्रणातही पडेलच, असे नाही.

डिझेल यांनी ठिणगीच वगळली. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे परीक्षिलेल्या त्यांच्या इंजिनात दाबलेली हवा इतकी तापे, की आत सोडलेले इंधन आपोआप पेट घेई. महाराष्ट्रात सातारा रोडचा कूपर कारखाना आणि १९४६ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांनी याच तत्त्वावरील इंजिने घडविली. परभणीकडील विहिरींवर अशी इंजिने बसली, तेथे शेतकऱ्यास मॅग्नेटो व प्लग यांची चिंता उरली नाही. उरली ती इंधनपंप, नोझल आणि सिलिंडरमधील दाब यांची.

सारांश, प्रज्वलन ही क्रिया होय; ठिणगी हे तिचे केवळ एक साधन. कोशकाराने हा भेद राखला नाही, तर ठिणगीवाचून चालणाऱ्या या इंजिनांना कोशात जागाच उरणार नाही.