मंडालेचा राजा रत्नागिरीत

मुंबई-गोवा रस्त्याने येताना हातखंब्याच्या तिठ्यावर उजव्या हाताला वळलात, की तुम्ही रत्नागिरीला पोचता. डाव्या अंगाला सह्याद्री, आंबा घाट आणि पलीकडे कोल्हापूर. आज हा तिठा रात्रंदिवस गजबजलेला असतो. पण १८८६ सालची रत्नागिरी डोळ्यांपुढे आणा. कोल्हापूरला आगगाडी यायला अजून पाच वर्षे होती, आणि रत्नागिरीला ती यायला तर शंभरावर. सारी भिस्त बोटीवर. पावसाळा लागला की बोटीही बंद! मग उरायची ती बैलगाडीची वाट, घाट चढून जायची. अशा आडबाजूच्या गावी इंग्रज सरकारने ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला आणून ठेवले. जागा निवडणारा अधिकारी हुशार असला पाहिजे, हे कबूल करायला हवे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौजांनी मंडाले घेतले. राजाला राणी सुपयालात आणि धाकटी राणी यांच्यासह आधी मद्रासला नेले, आणि एप्रिल १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला उतरवले. त्या वेळी थिबा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. चार मुलींपैकी दोघी मंडालेत जन्मल्या, तिसरी मद्रासला आणि चौथी १८८७ साली रत्नागिरीत. चौघी बहिणींच्या जन्मगावांतच सारी हकीगत आली, नाही का?

परमुलखात राहायचे म्हणजे आधी हवा, मग अन्न, मग माणसे. मंडालेला वर्षाकाठी तीस-पस्तीस इंच पाऊस; रत्नागिरीला शंभर इंचांच्या वर. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी आणि चार महिने सूर्यदर्शनाची मारामार. अन्नाचे मात्र तितके अवघड नसावे. भात आणि मासळी दोन्हीकडची. ब्रह्मी माणसाला आंबवलेल्या मासळीवाचून घास उतरत नाही. कोकणी माणसाला सुकटीचे वावडे कधी होते?

आणखी एक गंमत पाहा. इंग्रज वकिलाने ब्रह्मी राजापुढे बूट काढून बसायचे की नाही, यावरून मंडाले दरबार आणि कलकत्ता सरकार यांचे फाटले होते. थिबाचे वडील मिंदोन यांच्या काळातच इंग्रज वकिलाने राजाची भेट घेणे सोडले. आणि दैवगती अशी, की राजाला आणून टाकले ते अशा मुलखात, जिथे कुणीही शेजारी ओटीवर पाय ठेवण्याआधी वहाणा खाली काढून ठेवतो. त्यासाठी तहनामा लागत नाही!

पण थिबा शेजाऱ्यांच्या ओटीवर जाणार कसा? परवानगीवाचून गाव सोडायची मुभा नव्हती, म्हणजे हातखंब्यापलीकडचा मुलूख त्याला बंदच. गावात फिरायची सोय असूनही तो बहुधा घरातच राही. राजेपण गेले होते, तरी राजाची रीत त्याने सोडली नाही. तनखा पुरत नाही, घर शोभेसे नाही, अशी त्याची पत्रे सरकारकडे जात राहिली; इकडे बरोबर आणलेले जडजवाहीर विकले जात होते आणि सावकाराचे देणे वाढत होते. हा उधळेपणा होता, असे सरकारी कागद म्हणतात. मला विचाराल तर, ज्याच्या हाती आयुष्यात कधी हिशेबाची वही दिली नाही, त्याच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे हाही एक अन्यायच. राजा बौद्ध मठात शिकलेला, पाली ग्रंथांची परीक्षा उतरलेला. त्या विद्येचा रत्नागिरीत कुणाला उपयोग?

चौदा-पंधरा वर्षे नव्हे, तब्बल चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० साली जांभा दगड आणि ब्रह्मी सागवान यांचा नवा राजवाडा उभा राहिला. आपण आज थिबा पॅलेस म्हणून पाहतो तो हाच. वरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. त्याच १९१०-११ च्या हिवाळ्यात, रत्नागिरीतच जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत होते. तो तुरुंग थिबाच्या राजनगरीच्या कोटाच्या आतच! सरकारने टिळकांना स्वयंपाकाला एक मराठी कैदी दिला होता, म्हणून निदान जेवण तरी ओळखीचे. रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. दोघांच्या सुटकेत फरक मात्र मोठा. टिळक १९१४ मध्ये परत आले. राजा १९१६ च्या डिसेंबरात नव्या वाड्यात सहा वर्षे काढून वारला. धाकटी राणी त्याच्या आधी, १९१२ साली गेली होती. दोघांच्या समाध्या रत्नागिरीतच आहेत.

राजा शेवटपर्यंत ब्रह्मीच राहिला. मुलींचे तसे झाले नाही. बरोबर आलेली ब्रह्मी माणसे एकेक करून मायदेशी परतली आणि त्यांच्या जागी इथल्या बाया-गडी आले. स्वयंपाकघरातली आणि परसातली भाषा बदलली, की मुलांची भाषा बदलते; तिथे सरकारी पहारा काय करणार? थोरल्या राजकन्येने तर वाड्याच्या पहारेकऱ्यापासून मुलगी झाल्यावर सगळ्या कुटुंबाची झोप उडवली. १९१९ साली राणी मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परतली. पण थोरलीचे मन तिथे रमले नाही. काही काळाने ती आपल्या मुलीसह रत्नागिरीला परत आली, गरिबीत राहिली आणि १९४७ साली इथेच वारली.

तिची मुलगी टुटू. राजाची नात, पण लग्न इथल्याच माणसाशी, संसार इथलाच, दिवस कष्टाचे. तिच्या तोंडी मराठीच असे. २००० साली ती गेली. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या समाधीवर आले, तेव्हा राजाचे मराठी पणतू आणि पणत्या इथेच राहत होत्या.