चूक शोधण्याची विद्या

टेबलावरील संगणकाशीं ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना एक अनुभव ठाऊक असतो. हिशेबाचा कागद भरीत असतांना पडदा एकाएकीं गोठतो. बाणाची खूण हलत नाहीं, कळ दाबली तरी अक्षर उमटत नाहीं, आणि अर्ध्या तासाचें काम पाहतां पाहतां नाहींसें होतें. अशा वेळीं यंत्र बिघडलें असें म्हणण्याची रीत आहे. वास्तविक यंत्र बहुधा धडधाकट असतें. चुकलेली असते ती त्यास दिलेल्या आज्ञांची मालिका, म्हणजे आज्ञावली. आणि ती कोणा मनुष्यानें लिहिलेली असते. या चुका हुडकून काढण्याची एक स्वतंत्र विद्या गेल्या पाऊणशें वर्षांत तयार झाली आहे. तिच्या इतिहासांत यंत्रांइतकाच मनुष्यस्वभाव पाहावयास मिळतो. आपण चुकलों असूं हें मानण्यास मनुष्य फार नाखूष असतो; आणि या विद्येची पहिली पायरी नेमकी तीच आहे.

या विचाराचा उगम संगणक जन्मास येण्यापूर्वींचा आहे. चार्ल्स बॅबेज यांनीं कल्पिलेल्या गणनयंत्रावर एडा लव्हलेस या इंग्रज विदुषीनें १८४३ सालीं विस्तृत टिपणें प्रसिद्ध केलीं. यंत्राची क्रिया निर्दोष धरली तरी त्यास आज्ञा पोंचविणारीं छिद्रांकित पत्रें चुकीच्या आज्ञा देऊं शकतील, हें तिनें त्यांत लिहून ठेवलें. योगायोग असा कीं, बर्नुली संख्या काढण्याचें जें कोष्टक या टिपणांबरोबर छापलें गेलें, त्याच्या चौथ्या क्रियेंत भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झालेली आहे. तें यंत्र कधींच पुरें बांधलें गेलें नाहीं, म्हणून त्या चुकीचें फळ कोणास भोगावें लागलें नाहीं. जी आज्ञावली चालविलीच जात नाहीं, तिचा दोष कागदावर सुखानें झोंपून राहतो.

दोषशोधनाच्या या कामास आज जगभर 'डीबगिंग' म्हणतात. 'बग' म्हणजे किडा. हा शब्दप्रयोग संगणकाहून जुना आहे. थॉमस एडिसन यांनीं १८७८ सालच्या एका पत्रांत आपल्या शोधांतील बारीकसारीक अडचणींस हेंच नांव दिलें होतें. पुढें ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड येथें बांधलेल्या 'मार्क टू' या संगणकाच्या एका रिलेमध्यें खराखुरा पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत लावला, वेळ आणि रिलेचा क्रमांक लिहिला, आणि किडा प्रत्यक्ष सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाचा शेरा मारला. ग्रेस हॉपर यांनीं ही गोष्ट पुढें अनेक वेळां सांगून लोकप्रिय केली, आणि ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. लोक पतंगाचें कौतुक करतात; परंतु अधिक कौतुक करण्यासारखी आहे ती त्या नोंदीची शिस्त. कोठें, केव्हां आणि काय, हें त्यांनीं तेथल्या तेथें टिपून ठेवलें.

या विद्येचा खरा आरंभ केंब्रिज विद्यापीठांत झाला. तेथील 'एडसॅक' हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनीं त्यानंतर लौकरच एक गणिती कोष्टक काढण्यासाठीं आज्ञावली लिहिली. तिच्यांत अवघ्या १२६ ओळी होत्या, आणि त्यांत सुमारें वीस चुका निघाल्या. यंत्र उभें राहिलें कीं त्याजकडून काम करून घेणें सोपें, ही तोंवरची समजूत होती. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच मोठा भाग आपल्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यांत जाणार आहे, हें त्या दिवसांत एका जिन्याच्या वळणावर आपणांस एकदम उमगलें, असें विल्क्स यांनीं १९८५ सालीं आपल्या आठवणींत लिहिलें. ज्या गृहस्थानें यंत्र बांधलें, त्यानेंच ही कबुली द्यावी, यांत या शास्त्राचें मोठें भाग्य आहे.

विल्क्स यांचे तरुण सहकारी स्टॅन्ली गिल यांनीं १९५१ सालीं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळच्या उपायांत दोन मुख्य होते. पहिला म्हणजे शवपरीक्षा: आज्ञावली बंद पडली कीं यंत्राच्या स्मृतींत त्या क्षणीं काय काय होतें तें छापून घ्यावें आणि मरणाचें कारण शोधावें. दुसरा म्हणजे पाठलाग: आज्ञावली एकेक आज्ञेनें चालवावी आणि प्रत्येक पावलाची नोंद छापीत जावी. आज आज्ञावली लिहिणारा तरुण पडद्यावर एखाद्या ओळीपाशीं खूण करून काम तेथें थांबवितो, प्रत्येक अंकाची किंमत तपासतो आणि एकेक ओळ पुढें सरकतो, तेव्हां तो गिल यांचीच पद्धति वापरीत असतो.

तिसरा उपाय पुढें १९८२ सालीं अलास्कांतील एडवर्ड गॉस यांनीं एका गमतीच्या दृष्टांतानें मांडला. अलास्कांत एकच लांडगा आहे. तो शोधावयाचा कसा? प्रांताच्या मधोमध कुंपण घाला, लांडगा ओरडेपर्यंत थांबा, आणि आवाज ज्या बाजूनें आला त्या अर्ध्या भागांत पुन्हां मधोमध कुंपण घाला. हजार ओळींच्या आज्ञावलींत याप्रमाणें दहा कुंपणांत चूक असलेली ओळ हातीं लागते. अंदाजानें येथें तेथें फेरफार करीत सुटणारा मनुष्य आठ दिवस भटकतो. कुंपण घालणारा बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो.

इतक्यांत संगणक प्रयोगशाळेंतून लोकांच्या टेबलावर आला. जानेवारी १९८४ मध्यें 'मॅकिंटॉश' आणि नोव्हेंबर १९८५ मध्यें 'विंडोज' बाजारांत आलें, आणि आज्ञावलीची सारी रचनाच उलटी झाली. पूर्वीं आज्ञावली आपल्या क्रमानें काम करी आणि मनुष्य वाट पाही. आतां मनुष्य वाटेल तें बटण वाटेल तेव्हां दाबतो आणि आज्ञावली वाट पाहते. प्रत्येक दाबणें ही जणूं एक चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या रांगेंत पडतात आणि आज्ञावली त्या एकेक करून उचलते. एका चिठ्ठीचें काम लांबलें, तर मागच्या सर्व तुंबतात. पडदा गोठतो तो बहुतेक वेळां यामुळें. खिडकीवरचा एकटा कारकून जुनें दप्तर शोधण्यास आंत गेला, म्हणजे बाहेरची रांग जशी तिष्ठत राहते, तसाच हा प्रकार. विंडोजच्या आरंभींच्या आवृत्त्यांत तर एका आज्ञावलीनें आपली पाळी सोडली नाहीं, तर सगळींच कामें थांबत. ही अडचण १९९५ च्या आवृत्तींत पुष्कळशी दूर झाली. लांबणारें काम वेगळ्या धाग्यावर सोंपवावें, हा त्यावरील उपाय आहे. मात्र त्यांत एक नवें संकट दडलेलें असतें. दोन हात एकाच वहींत एकाच वेळीं लिहूं लागले, तर कोणाचा आंकडा राहील हें कोणास सांगतां येत नाहीं.

दुसरा नित्याचा दोष म्हणजे आज्ञावली एकदम कोसळणें. याच्या अनेक कारणांपैकीं एक फार प्रसिद्ध आहे. पत्ता न लिहिलेलें पाकीट टपालवाल्याच्या हातीं द्यावें, त्याप्रमाणें आज्ञावली जेथें कांहींच नाहीं अशा स्थळीं वस्तु आणावयास जाते. असा रिकामा पत्ता ठेवण्याची सोय टोनी होअर यांनीं १९६५ सालीं 'आल्गोल डब्ल्यू' या भाषेंत केली. ती करणें अगदीं सोपें होतें, एवढ्याच मोहानें आपण ती केली, आणि ती आपली अब्ज डॉलरांची चूक ठरली, असें त्यांनीं २००९ सालीं भर परिषदेंत सांगितलें.

गिल यांची शवपरीक्षा येथें पुन्हां कामीं आली. विंडोज ३.१ बरोबर १९९२ सालीं 'डॉक्टर वॉटसन' नांवाची एक लहान आज्ञावली मिळत असे. दुसरी एखादी कोसळली कीं त्या क्षणाची टिपणी ठेवणें हें तिचें काम. २००१ सालच्या 'विंडोज एक्सपी'पासून अशी टिपणी मालकाच्या अनुमतीनें निर्मात्याकडे पाठविण्याची व्यवस्था झाली. या टिपणांची छाननी झाल्यावर, अवघे एक टक्का दोष निम्म्या बिघाडांस कारण होतात, असें त्या कंपनीच्या प्रमुखांनीं २००२ सालीं जाहीर केलें. वापरणाऱ्यांच्या तक्रारी मोजल्या नसत्या तर हें कधींच कळलें नसतें.

सर्वांत चकविणारे दोष मात्र वापरणाऱ्याच्या यंत्रावर दिसतात आणि लिहिणाऱ्याच्या यंत्रावर दिसत नाहींत. विंडोजवरील पुष्कळ आज्ञावल्या कांहीं फायली सामाईक वापरीत. एखादी नवी आज्ञावली बसवितांना सामाईक फाइलीची जुनी आवृत्ति नवीवर चढे, आणि काल चालणारी तिसरीच आज्ञावली आज बंद पडे. मराठी लोकांस याच जातीचा एक दोष चांगला परिचित आहे. १९९० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या टंकांनीं देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक अंकांवर बसविले होते. पुण्यांत जुळविलेला मजकूर तो टंक नसलेल्या नागपुरच्या यंत्रावर उघडला, कीं निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसे. भारतीय लिप्यांसाठीं १९९१ सालीं भारतीय प्रमाण ठरलें, त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें, आणि 'विंडोज २०००' पासून तिचा उपयोग टेबलावर होऊं लागला. तरीही दोष सर्वस्वी सरले नाहींत. 'क्षि' हें डोळ्यांस एक अक्षर दिसतें. संगणकाच्या हिशेबीं त्यांत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार अंक असतात. एक अंक म्हणजे एक अक्षर असें धरून चालणाऱ्या आज्ञावलींत लांब नांव चौकटीच्या टोकाशीं मधोमध तुटतें. चूक लिपीची नसते. लिहिणाऱ्याच्या गृहीताची असते.

आमच्या येथें तर व्यवस्थित चालतें, हें उत्तर अशा वेळीं हटकून मिळतें. तें उत्तर किती महाग पडूं शकतें हें १९८६ सालीं दिसून आलें. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत टायलर येथें कर्करोगाच्या रोग्यांस किरणोपचार करण्यासाठीं 'थेरॅक-२५' नांवाचें कॅनडांत बनलेलें यंत्र होतें. त्यास जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर तंत्रज्ञ स्त्री उपचाराचीं मानें टंकीत असे. २१ मार्च रोजीं तिनें एका अक्षराची चूक केली, बाणाच्या कळीनें वर जाऊन ती झटकन सुधारली आणि उपचार सुरू केला. पडद्यावर 'बिघाड ५४' एवढेंच उमटलें. त्या क्षणीं रोग्यास ठरलेल्या मात्रेच्या जवळजवळ शंभरपट किरण लागले होते. कंपनीचे इंजिनिअर आले. त्यांस दोष पुन्हां घडवितां आला नाहीं, आणि अशी अतिमात्रा संभवतच नाहीं असें सांगण्यांत आलें. यंत्र ७ एप्रिलला पुन्हां सुरू झालें. चारच दिवसांनीं दुसऱ्या रोग्यावर तोच प्रसंग ओढवला. दोघेही पुढें दगावले.

यानंतर त्या रुग्णालयाच्या भौतिकतज्ञानें आणि त्या तंत्रज्ञ स्त्रीनें मिळून जें केलें तें या विद्येच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तिनें त्या दिवशीं काय काय केलें तें आठवून आठवून दोघांनीं तीच मानें पुन्हां पुन्हां टंकलीं, आणि अखेर तें 'बिघाड ५४' त्यांनीं स्वतः घडवून दाखविलें. मर्म वेगांत होतें. यंत्रांतील चुंबकें जागेवर बसण्यास सुमारें आठ सेकंद लागत. तेवढ्या अवधींत केलेली सुधारणा पडद्यावर दिसे, परंतु यंत्रापर्यंत पोंचत नसे. दोन हात एकाच वहींत लिहीत होते. सरावानें जिचा हात जलद झाला होता, तिलाच तो दोष भेटला. सावकाश टंकणाऱ्या इंजिनिअरांस भेटला नाहीं. पुढें असेंही आढळलें कीं, आधींच्या 'थेरॅक-२०' या यंत्रांतही ही चूक होतीच. परंतु त्यांत स्वतंत्र विद्युत्-संरक्षण असल्यामुळें केवळ फ्यूज जात असे आणि रोगी वांचत असे. नव्या यंत्रांत आज्ञावलीवर विश्वास टाकून तें संरक्षण काढून घेण्यांत आलें होतें.

या सर्व इतिहासाचें सार थोडक्यांत सांगतां येतें. तक्रार करणाऱ्याचें म्हणणें प्रथम खरें धरावें. त्यानें केलें तेंच, त्याच क्रमानें आणि त्याच वेगानें करून दोष आपल्या डोळ्यांदेखत घडवावा. दिसलें तें लिहून ठेवावें. मधोमध कुंपण घालून शोधाचें क्षेत्र निम्में करीत जावें. एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि दुरुस्तीनंतर आधीं दोष देणारी कृति पुन्हां करून पाहावी. यांत असामान्य बुद्धि लागते असें नाहीं. धीर लागतो, आणि आपल्या हस्ताक्षरावर संशय घेण्याची तयारी लागते. आज मनुष्याच्या जोडीस स्वतः संगणकही आज्ञावल्या लिहूं लागला आहे. तरी तिच्या चुकीचें फळ पडद्यापुढें बसलेल्या मनुष्यासच भोगावें लागतें; आणि टायलर येथें दोष सांपडला तो, त्या मनुष्याला काय दिसलें हें कोणीतरी शांतपणें ऐकून घेतलें, तेव्हांच.