संशोधनासह ऑनर्स पदवी

संशोधनासह ऑनर्स पदवी ही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेली चार वर्षांची पदवी होय. तिच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्र संशोधन करून १२ श्रेयांकांची प्रबंधिका सादर करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास हा पर्याय खुला असतो. इतरांना तितक्याच श्रेयांकांचे अभ्यासक्रम पूर्ण करून साधी ऑनर्स पदवी घेता येते.

वऱ्हाडातील स्थिती

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या (स्थापना १९८३) कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे जिल्हे येतात. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. त्यामुळे पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. खरी अडचण मार्गदर्शकांची आहे. आयोगाच्या सूचनांप्रमाणे अशा विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. तालुक्याच्या गावी पुष्कळदा एका विषयाला एकच शिक्षक असतो. तेथील गुणवान विद्यार्थ्याला या एका वर्षासाठी घर सोडावे लागेल. विषयांची मात्र वाण नाही: पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, वऱ्हाडी बोली, रिद्धपूरचे महानुभाव वाङ्मय अशी सामग्री दाराशीच आहे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची (स्थापना १९६९) कृषी पदवी या धोरणापूर्वीपासूनच चार वर्षांची आहे. तिच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी शेतकऱ्यांसोबत राहून ग्रामीण कृषी कार्यानुभव घेतात. त्याला प्रबंधिका म्हणत नाहीत, तरी निरीक्षण व नोंदी ठेवण्याची सवय तेथेच लागते.