पडद्यावरचे बलभीम

गुरुजी, वर्गातल्या पोट्ट्यांच्या वह्यांची मागची पाने एकदा उलटून पाहा. गणित थोडे आणि भिंतीवर चढणारा कोळीमाणूस, लोखंडी चिलखतात उडणारा वीर, हातोडेवाला देव, अशी मंडळीच तिथे जास्त सापडतील. तुम्ही म्हणाल, ही सारी विलायती थेरं. मला सिनेमाचा जुना नाद आहे, आणि मला यात फारसे नवे काही दिसत नाही. राजेहो, ही आवड आपल्याकडे शंभर वर्षांची जुनी आहे.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, हे तुम्ही मुलांना शिकवताच. पण गर्दी खरी लोटली ती १९१७ च्या ‘लंकादहन’ला. राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके या एकाच नटाने केली होती. मारुती झाले होते गणपत शिंदे. मारुती आकाशात झेपावतो, लंका पेटते, हे सारे फाळक्यांनी कॅमेऱ्याच्या करामतीने साधले. तिकिटांची नाणी म्हणे बैलगाडीत घालून न्यावी लागली! वेशीवर मारुती नाही असे गाव वऱ्हाडात शोधून सापडायचे नाही. ज्याला रोज शेंदूर लावायचा तोच उडताना दिसला, तर माणूस पायातल्या वहाणा काढणारच.

अमेरिकेतला सुपरमॅन कागदावर अवतरला १९३८ साली, म्हणजे आपल्या पडद्यावरच्या मारुतीनंतर एकवीस वर्षांनी. पुढे १९६० साली ‘रिटर्न ऑफ मिस्टर सुपरमॅन’ नावाचा हिंदी चित्रपटही निघाला. त्यात जयराज नायक होते. तेव्हा उसनवारी काही आजची नाही.

देवांच्या मागोमाग हाडामांसाचे वीर आले. मास्टर विठ्ठल हे त्यांतले पहिले मोठे नाव. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला हा गडी मूकपटात तलवार अशी फिरवी, की लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. १९३१ साली पहिला बोलपट ‘आलम आरा’ आला, त्याचे नायक हेच. पण पडदा बोलू लागला आणि नुसत्या तलवारीचे दिवस भरले. मग १९३५ साली वाडियांच्या ‘हंटरवाली’त नादिया आली. ऑस्ट्रेलियात जन्मलेली ही बाई घोड्यावर बसून, हातात चाबूक घेऊन दुष्टांना लोळवू लागली. आजच्या वीरांगनांच्या आधी कितीतरी वर्षे आपल्या आज्यांनी ही पाहिलेली आहे. त्यांना विचारून बघा, डोळे चमकतात की नाही ते.

करामत करणाऱ्यांत बाबूभाई मिस्त्रींना मी फार मानतो. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त त्यांनी वस्तू अधांतरी हलवून दाखवल्या. त्यासाठी काय वापरले असेल? काळा दोरा! काळ्या पडद्यापुढे काळा दोरा दिसत नाही, एवढीच युक्ती. लोक पुढे त्यांना ‘काला धागा’ म्हणत. आज तेच काम शेकडो माणसे संगणकापुढे बसून करतात.

हे सारे आपल्यापर्यंत पोहोचायचे कसे? सिनेमाच्या धंद्यात आपल्या मुलखाला ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. १९५६ साली प्रांत बदलले, वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, तरी धंदेवाल्यांच्या वहीत तेच नाव टिकले. अमरावतीला वितरकांच्या कचेऱ्या होत्या. तिथून फिल्मच्या पेट्या मोटारीने, रेल्वेने अकोल्याला आणि तालुक्यांच्या गावी जायच्या. शेवटी बहिरमसारख्या यात्रेतल्या तंबूत त्या उघडल्या जायच्या. अंधार पडल्याशिवाय खेळ नाही. बाहेर इंजिन धडधडते आहे, भोंग्यावर गाणी लागली आहेत, आत मातीवर बैठक. यंत्र बहुधा एकच. हजार फुटांचे रीळ अकराएक मिनिटांत संपे, आणि ऐन मारामारीत उजेड व्हायचा. मग तेवढ्या वेळात अख्खा तंबू भांडायचा, “आता कसा सुटून राह्यला बे हा?” ही बोलाचाली मला सिनेमाइतकीच मोलाची वाटते. आता पोरगा एकटाच मोबाईलवर पाहतो, आणि त्याचे म्हणणे ऐकायला शेजारी कुणी नसते.

बरे, खरे बलभीम आपल्याकडे नव्हते असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. अंबादासपंत वैद्यांनी ते उभे केले. त्याच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगापुढे आपले देशी खेळ करून दाखवले. ना दोरा, ना करामत. यावर एक चांगला चित्रपट सहज निघेल.

आता आजच्या चित्रपटांविषयी माझे मत विचाराल तर सांगतो. २०१९ चा ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ तीन तासांचा आहे. शेवटी सगळे वीर एकत्र येतात तेव्हा मला युद्धकांड आठवले, आणि मी टाळी वाजवली. पण तशाच धर्तीवरचे पुढचे कितीतरी पट कंटाळवाणे वाटले. शहरे कोसळतात, पण खरचटत कुणालाच नाही. ‘क्रिश’ (२००६) बरा. मराठीत ‘बाजी’ (२०१५) आला, त्याची हिंमत मोठी, कथा मात्र सैल. मन जिंकले ते २०२१ च्या मल्याळी ‘मिन्नल मुरली’ने. खेड्यातला साधा शिंपी, त्याच्या अंगावर वीज पडते आणि तो बलवान होतो. खलनायकही त्याच गावचा, त्याच विजेचा मारलेला, आणि त्याचे दुःख नायकापेक्षा जास्त खोल. गावकरी त्याला वेडा म्हणतात, आणि पुढचे सारे तिथूनच घडते. हा चित्रपट हिंदीतही आहे. गुरुजी, जमल्यास मोठ्या मुलांना एकत्र बसवून दाखवा, आणि मध्येच थांबवून त्यांना भांडू द्या.

वऱ्हाडीत बोलणारा असा एखादा वीर मोठ्या पडद्यावर यावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. तो उडाला नाही तरी चालेल. मलखांबावर सरसर चढला, तरी मी पहिल्या खेळाला हजर राहीन.