सावली, छाया आणि सावट

सह्याद्रीच्या माथ्यावरील जोयडा तालुक्यात एकाच वस्तूस अनेक नावे आहेत. मराठी बोलणारा तिला सावली म्हणतो, कोकणी बोलणारा सावळी, कन्नड बोलणारा नेरळु आणि उर्दू जाणणारा साया. ह्यांपैकी नेरळु तेवढा द्राविड कुळातला. बाकीचे तिन्ही शब्द एकाच घरचे असून फारसीतून आलेला साया हाही संस्कृत छायेचा दूरचा भाऊबंदच आहे.

छायेची सावली कशी झाली, हे मराठीच्या ध्वनिस्वभावावरून उमगते. संस्कृत-प्राकृतातील 'छ' मराठीत पुष्कळदा 'स' होऊन येतो. मत्स्य-मच्छ-मासा ही मालिका प्रसिद्ध आहे; कच्छपाचा कासव त्याच वाटेने झाला. जुन्या मराठीत ह्या शब्दाचे रूप साउली असे आढळते. संतांना ते फार मानवले, कारण माउलीशी त्याचे यमक आपसूक जुळते. तद्भव सावली अशी घरोघर नांदत असता मूळचा तत्सम छाया शब्दही पंडितांच्या हातून पुन्हा भाषेत आला आणि दोघांनी कामे वाटून घेतली. झाडाची ती सावली, राजाची ती छत्रछाया. आणि संकटाचे, दुष्काळाचे ते सावट.

पंडितांच्या छायेला आणखी एक पारिभाषिक अर्थ आहे. संस्कृत नाटकांत स्त्रिया आणि विदूषक प्राकृत बोलतात. छापील आवृत्त्यांत त्या प्राकृत वाक्यांचे जे संस्कृत रूपांतर देतात, त्यास छाया म्हणतात. हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. पण आज बहुतेक अभ्यासक ती संस्कृत छायेच्या आधारेच वाचतात. ज्या भाषेतून मराठी उतरली, तिचे मूळ वाचण्यास तिच्या छायेचा आसरा घ्यावा लागावा, हा योग चमत्कारिक खरा. विसाव्या शतकात छायाचित्र हा शब्द रूढ झाला. वस्तुतः ते प्रकाशाने उमटलेले चित्र. म्हणून प्रकाशचित्र असाही शब्द योजला गेला, आणि तो अधिक यथार्थ होता. परंतु लोकांनी छायाचित्रच पसंत केले.

ह्या शब्दाच्या इतिहासाचे एक अंग मात्र असे हलक्या हाताने सोडून देता येत नाही. 'मी त्याच्या सावलीलाही उभा राहणार नाही' हा वाक्प्रचार आज केवळ तिटकारा दाखवतो. त्यामागची समाजरचना बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'जातिभेद निर्मूलन' ह्या विषयावरील आपल्या इंग्रजी निबंधात पेशवाईचा दाखला दिला आहे. समोरून सवर्ण हिंदू येत असता अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती, कारण त्याच्या सावलीने विटाळ होईल! माउलीशी जुळलेली साउली ती हीच. एकाच्या सावलीत विसावा शोधायचा आणि दुसऱ्याच्या सावलीने बाटायचे, हे दोन्ही अर्थ एकाच भाषेने शतकानुशतके एकत्र वागवले. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. वाक्प्रचार तेवढा कोशांत आणि जिभेवर शिल्लक राहिला.

जोयड्याच्या रानात सावलीला आणखी एक अर्थ होता, तो पोटाचा. येथील कुणबी कुमरीची शेती करीत. रानाचा तुकडा तोडावयाचा, वाळल्यावर जाळावयाचा आणि राखेत नाचणी पेरावयाची, अशी ती रीत. नाचणीला ऊन हवे. सावली हटवल्याखेरीज पीक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रज सरकारने कुमरीवर बंधने घालण्यास आरंभ केला. कुणब्यास सावली हटवावी लागे आणि वनखात्यास सागवानापायी ती राखावयाची होती. उलट मिरी-वेलदोड्यास सावलीच मानवते. तेव्हा सावली तारक की मारक, हे पिकावरही अवलंबून होते.

भूगोलाने पर्जन्यछाया हा शब्द दिला, त्याचा प्रत्यय येथे थोड्याच अंतरात येतो. घाटमाथ्यावरील कॅसलरॉक आणि अणशी पावसाने झोडपून निघतात. पूर्वेस हल्याळ ओलांडून धारवाडास पोहोचेतो वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याच पावसाच्या पाण्यावर काळी नदीचे धरण झाले. तालुक्याचे मूळ ठाणे सुपा. ते काळी आणि पांढरी ह्या नद्यांच्या संगमावर होते. १९८७ साली पूर्ण झालेल्या, १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या जलाशयात ते गाव गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि तालुक्याचे नावही बदलले. रानातली सावली निदान तोडून हटवता येत असे. बुडिताचे सावट हटवणे गावकऱ्यांच्या हाती नव्हते.

ज्योतिषगणितात छाया हे मापनाचे साधन आहे. बारा अंगुळांचा शंकू उभारून त्याच्या सावलीवरून वेळ आणि अक्षांश काढीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत छायाव्यवहार हे स्वतंत्र प्रकरणच आहे. जोयडा सुमारे १५ उत्तर अक्षांशावर असल्याने वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या आरंभी आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, भर माध्यान्ही तेथे उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अलीकडे त्यास शून्य सावली दिवस म्हणतात. मे महिन्यात तो पाहता येतो. ऑगस्टात बहुधा ढगांमुळे शंकूची सावली मुळातच पडत नाही.