मामाची गिटार आणि गाडीचा रंग

आजची गोष्ट सुरू होते गाड्यांच्या रंगाच्या एका दुकानात. काउंटरवरच्या काकांनी मला विचारलं, "गाडी कुठली?" मी म्हणालो, "गाडी नाही काका, गिटार आहे." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा शेडकार्डाकडे. मग म्हणाले, "असू दे. पण रंग गाडीचाच मिळेल हां!"

काकांनी हे सहज म्हटलं, पण गिटारच्या इतिहासातला एक मोठा धडा त्या वाक्यात होता. कसा, तेच आज सांगतो.

आधी गिटारविषयी. ती माझ्या मामाची. ऐंशीच्या दशकात घेतलेली, कोलकात्यात बनलेली साधी अकूस्टिक गिटार. मामा आता नाही. मामीनं ती माझ्या हातात दिली तेव्हा एकच अट घातली, "अरे, वाजवणार असशील तर ने. भिंतीलाच टांगायची असेल तर माझ्या घरी भिंत आहे."

गिटारची अवस्था वाईट होती. मागच्या बाजूचं वॉर्निश पापुद्र्यांनी निघत होतं, कडांना टवके उडाले होते. समोर, भोकाच्या खालच्या अंगाला, मामाची बोटं घासून घासून एक पट्टा पार उघडा पडला होता. माझ्या डोक्यात रंग ठरला होता: मोरपंखी. एकदम भडक, कोपऱ्यात ठेवली तरी नजर जाईल असा. पण पॉलिशपेपर हातात घेतला आणि थांबलो. मी गिटार दुरुस्त करतोय की मामाला पुसून टाकतोय? उत्तर सापडेना, म्हणून मग वाचायला बसलो.

पहिला थर: लाख

गिटारच्या लाकडावर मुळात काहीतरी लावतात कशासाठी? तर घाम, धूळ आणि हवेतली ओल यांच्यापासून लाकूड वाचावं म्हणून. एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारींवर त्यासाठी फ्रेंच पॉलिश असायचं. नाव फ्रेंच, पण माल बराचसा आपल्याकडचा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. तीच लाख. ती शुद्ध करून पातळ पापुद्रे केले की झाला चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाच्या बोळ्यानं लाकडावर घासायचा, आणि असे कितीतरी पातळ थर चढवायचे. आपले जुने सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश म्हणतात, ते हेच.

सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि पाट रंगतात तेही लाखेनंच. आणखी गंमत सांगू? गिटार रेकॉर्ड झाली ती 78 आरपीएमची तबकडीसुद्धा लाखेच्या मिश्रणाचीच असायची. म्हणजे वाद्यावरही तोच किडा आणि तबकडीतही तोच!

या पॉलिशमधून लाकूड दिसतं. म्हणजे तेव्हा गिटारचा रंग बहुतेक वेळा लाकडाचाच रंग होता.

दुसरा थर: गाडी

आता येऊ अमेरिकेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारगाडी रंगवायला आणि रंग वाळायला आठवडे लागायचे. 1923 मध्ये ड्यूपाँ कंपनीनं ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जो पदार्थ बनतो, तो याच्या मुळाशी. बंदुकीच्या धूरविरहित दारूतही तोच पदार्थ. या लॅकरनं आठवड्यांचं काम तासांवर आलं. जनरल मोटर्सनं तो लगेच उचलला आणि 1924 ची ओकलंड गाडी निळ्या रंगात आणली. त्या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळी मिळत होती!

लवकर वाळणारा आणि स्प्रेनं मारता येणारा रंग गिटार कारखान्यांनाही हवाच होता. विसाच्या दशकात त्यांनीही लॅकर वापरायला सुरुवात केली. म्हणजे गिटारींसाठी वेगळा रंग कुणी शोधलाच नाही. आधी त्या सुतारांच्या पॉलिशवर जगल्या, नंतर मोटारींच्या रंगावर.

याचा कळस गाठला फेंडर कंपनीनं. इथून थोडा वेळ इलेक्ट्रिक गिटारींकडे जावं लागेल, कारण 'कस्टम कलर' तिथंच फोफावला. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडर 5 टक्के जादा पैसे घेऊन मागाल तो रंग द्यायची. हे रंग यायचे गाड्यांच्या शेडकार्डातून. त्यांचा प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' म्हणजे 1956 च्या फोर्ड थंडरबर्डचा रंग. आणि फेंडरमधले जॉर्ज फुलर्टन यांनीच अशी आठवण सांगितली आहे, की आपण रंगाच्या दुकानात गेलो आणि समोर उभं राहून लाल रंग मिसळून घेतला. माझ्या त्या काकांसारखंच कुणीतरी तिथंही काउंटरवर असणार!

1959 मध्ये क्लिफ रिचर्डनं (हा मूळचा लखनौचा जन्म बरं का) आपल्या गिटारिस्टसाठी, म्हणजे हँक मार्विनसाठी, अमेरिकेहून अशीच लालसर स्ट्रॅटोकास्टर मागवली. ब्रिटनमधली पोरं वेडी झाली. सगळ्यांना लालच हवी. शेवटी तिथल्या विक्रेत्यांनी दुसऱ्या रंगात आलेल्या नव्याकोऱ्या गिटारीही लाल रंगवून विकल्या. म्हणजे आज लोक ज्याला 'ओरिजिनल' म्हणून जपतात, त्यातलं काही तेव्हाच दुसऱ्यांदा रंगवलेलं होतं.

मग अकूस्टिकचं काय?

इथं मामला नाजूक आहे. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव ठोकळा, आवाज पिकअपमधून येतो. अकूस्टिकचा आवाज मात्र समोरच्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या पातळ फळीच्या थरथरण्यातून येतो. तिच्यावर जाड रंग चढवणं म्हणजे तबल्याच्या पुडीवर गोधडी टाकणं.

गिब्सननं 1962 मध्ये एव्हर्ली ब्रदर्सच्या नावानं एक काळी अकूस्टिक काढली. दिसायला राजेशाही, समोर दोन्ही बाजूंना भलेमोठे पिकगार्ड. पण त्या पिकगार्डांनी फळीचा बराच भाग अडवला आणि आवाज दबला. रूप आलं, पण आवाजाच्या मोबदल्यात.

दुसरं उदाहरण जॉन लेननचं. त्याच्या गिब्सन जे-160ई वर 1967 मध्ये झगमगीत सायकेडेलिक रंगकाम झालं. नंतर ते सगळं खरवडून गिटार पुन्हा लाकडाच्या रंगात आणली. मग 1969 मध्ये त्यानं त्याच उघड्या लाकडावर स्वतःचं आणि योकोचं रेखाचित्र काढलं. म्हणजे एकाच गिटारचे पाच वर्षांत तीन-चार अवतार! पण खरवडून काढलेलं ते रंगकाम आता फक्त फोटोत बघायचं. खरवडलेलं परत येत नाही.

परत माझ्या टेबलावर

इतकं वाचूनही मी घाई केलीच. बाजूच्या वळणावर पॉलिशपेपर जरा जोरात चालवला आणि अचानक वेगळ्याच रंगाचं लाकूड दिसलं. माझ्या गिटारच्या बाजू प्लायच्या आहेत. वरचा थर कागदासारखा पातळ असतो, आणि मी तो फोडला होता. पोटात गोळा आला. आता तिथं पारदर्शक पॉलिश चालणार नव्हतं, लांबी भरून वर अपारदर्शक रंगच मारावा लागणार होता. भडक रंग फक्त मिरवायला नसतो, तो झाकायलाही असतो, हे असं कळलं.

मग ठरवलं. मागची बाजू आणि कडा मोरपंखी. तारा काढल्या, समोरच्या फळीवर, भोकावर आणि नेकवर मास्किंग टेप लावली आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या दादांनी प्रायमर आणि रंगाचे पातळ हात मारून दिले. (हे काम घरात, बंद खोलीत करू नका. थिनर पेट घेतो, वास डोक्यात जातो. आणि घासताना मास्क लावाच.)

समोरची फळी मात्र मी घासलीच नाही. ओलसर कापडानं पुसली, आणि मामाच्या बोटांनी उघडा पाडलेल्या पट्ट्यावर चपड्याचे दोन पातळ हात दिले, घाम मुरू नये एवढ्यापुरते. आवाज तिथूनच येतो, आणि मामाची खूणही तिथंच आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच मिळालं. मागून ती माझी गिटार आहे, पुढून मामाची.

काल मामीकडे घेऊन गेलो. तिनं ती उलटी करून मोरपंखी पाठ बघितली आणि म्हणाली, "रिक्षा केलीस की रे हिची!" मग सुलटी केली. त्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मग गिटार माझ्याकडे देत म्हणाली, "हं. वाजव आता."

तर मंडळी, तुमच्याही घरात माळ्यावर एखादं वाद्य पडलं असेल, तर रंग निवडायच्या आधी ते नीट बघा. कुठला थर कुणाचा आहे ते ओळखा, आणि मगच पॉलिशपेपर उचला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!